प्रथम पुरुष, एकवचन

मागच्या सत्रात आपल्या वाङ्मय मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत 'माझा आवडता लेखक' या विषयावर बोलायला मी स्वतःहून हात वर केला होता. लेखक ठरलेलाच होता, हारुकी मुराकामी. म्हटलं, त्याच्या कादंबऱ्यांवर सगळेच बोलतात, आपण कथासंग्रहावर बोलू. 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' आणला, दोन रात्रींत वाचून काढला आणि तिसऱ्या दिवशी सरांना जाऊन भेटले. "सर, माझं नाव पुढच्या महिन्यात टाकाल का?" सरांना वाटलं मला बरं नाही. म्हटलं, "बरी आहे सर. पुस्तक आवडलं नाही." सर म्हणाले, "मग तेच बोल की. नाहीतर लिहून दे." सगळ्यांसमोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहून देतेय.

धाडस का झालं नाही ते आपल्या वर्गाला सांगायला नको. आमच्या बॅचमध्ये मुराकामी न वाचलेला माणूस सापडणं कठीण. पाऊस लागला की निम्म्यांच्या स्टेटसवर त्याचं एखादं वाक्य असतं (त्यातली किती त्याची खरी, देव जाणे). आणि सगळ्यांत पुढे मीच होते. बारावीनंतरच्या सुट्टीत 'नॉर्वेजियन वुड' वाचली. बाहेर आपला बेळगावचा पाऊस, आठवडाभर सूर्य नाही, वाळत घातलेले कपडे घरातच, आणि हातात ते पुस्तक. वाचून झाल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मम्मीला वाटलं रिझल्टची काळजी लागलीय. तेव्हापासून तो माझा लेखक. आवडत्या लेखकाला आपण अरे-तुरेच करतो, तसंच इथेही करतेय. राग मानू नये.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुराकामीचा जन्म १९४९ चा, क्योटोचा. वाढला कोबे शहराच्या परिसरात. टोकियोत बायकोबरोबर जॅझ संगीताचा बार चालवायचा. १९७८ मध्ये बेसबॉलची मॅच बघताना, एका खेळाडूनं चेंडू जोरात टोलवला त्या क्षणी, आपण कादंबरी लिहावी असं त्याला वाटलं, हे तो स्वतः सांगतो. पहिली कादंबरी १९७९ ची. १९८७ च्या 'नॉर्वेजियन वुड'नं तो जपानमध्ये इतका लोकप्रिय झाला की त्याला ती प्रसिद्धी सोसेना. 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' जपानीत २०२० मध्ये आलं, फिलिप गॅब्रिएल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०२१ मध्ये. त्यात आठ कथा आहेत. आठही 'मी'नं सांगितलेल्या. हा 'मी' बहुतेक वेळा वय झालेला पुरुष, तरुणपणी घडलेलं काहीतरी आठवून सांगणारा. त्याला जॅझ आवडतं, बेसबॉल आवडतो, एकटं राहायला आवडतं. एका कथेत तर त्याचं नावच हारुकी मुराकामी आहे.

आता तक्रार. कथा वाईट लिहिल्या आहेत असं मी म्हणत नाही. वाक्यं तशीच साधी, गार पाण्यासारखी. तक्रार अशी, की आठ कथा वाचून झाल्यावर मला फक्त एकच माणूस भेटल्यासारखं वाटलं, आणि तो माणूसही मला काही सांगता सांगता दर वेळी उठून गेला.

पहिली कथा घ्या, 'क्रीम'. अठरा वर्षांचा मुलगा. पूर्वी त्याच्याबरोबर पियानो शिकणारी एक मुलगी त्याला आपल्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवते. तो फुलं घेऊन कोबेतली टेकडी चढून जातो, तर सभागृह बंद, फाटकाला साखळी. जवळच्या बागेत बसतो. लांबून एक गाडी येतेय, तिच्या भोंग्यावरून ख्रिस्ती प्रचार चाललाय: सगळे मरणार, मेल्यावर प्रत्येकाच्या पापांचा न्याय होणार. आवाज जवळ येतो, जवळ येतो, आणि गाडी दिसायच्या आधीच कुठेतरी वळून निघून जाते. मग एक म्हातारा येतो, अनेक केंद्रं असलेल्या पण परीघ नसलेल्या वर्तुळाविषयी बोलतो, आणि तोही दिसेनासा होतो. त्या मुलीनं खोटं आमंत्रण का पाठवलं? तिचा काही राग होता का? त्यानं कधी तिला दुखावलं होतं का? याचा छडा लावायची निवेदकाला फारशी निकड नाही. त्याला त्या वर्तुळाचा विचार करायचाय.

दुसरी कथा एका बाईची. रेस्टॉरंटात बरोबर काम करणारी, त्याच्याहून थोडी मोठी, तिच्याबरोबर घालवलेली एकच रात्र. ती तान्का कविता लिहिते. पुढे ती आपला छोटासा संग्रह त्याला पोस्टानं पाठवते. आता इतक्या वर्षांनी त्याला तिचा चेहरा आठवत नाही, नाव आठवत नाही, ती जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. कवितांवरून त्याला वाटतं की नसावी. एवढं वाटूनही गोष्ट कुणाविषयी होते? त्याच्या आठवणीविषयी.

'कार्नवाल' ही कथा तर मी मध्येच मिटून ठेवली होती. त्यातली बाई म्हणजे निवेदकाच्या मते त्यानं पाहिलेली सगळ्यांत कुरूप बाई. हे तो सुरुवातीलाच सांगतो आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगत राहतो. तिला नाव नाही, एक अक्षर आहे, 'एफ'. दोघं मिळून शुमानची पियानोरचना ऐकतात, तिच्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांची तुलना करतात. मग एके दिवशी टीव्हीवर कळतं की ती आणि तिचा नवरा मोठ्या आर्थिक फसवणुकीत पकडले गेलेत. ती अशी का झाली, तिचा नवरा कोण, लोकांचे पैसे कुठे गेले? कथेला त्याचं काही पडलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, अगं, मुराकामी असाच लिहितो. धागे सुटेच ठेवतो. तुला हे आत्ता कळलं का?

हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. 'नॉर्वेजियन वुड'मध्येही 'मी' आहेच, तोरू वातानाबे. तोही गप्प, एकटा, संगीत ऐकणारा. मग तिथे मला त्रास का झाला नाही? म्हणून ती कादंबरी पुन्हा काढून चाळली. उत्तर सापडलं. तिथे इतरांना बोलायला जागा आहे. नाओको पत्रं लिहिते. रेइको रात्र रात्र आपली हकिगत सांगते, आणि तोरू फक्त ऐकतो. मिदोरी तर त्याला बोलूच देत नाही. घरचं, शेजारचं, आजारी वडिलांचं, सगळं धडाधडा सांगून टाकते. 'काफ्का ऑन द शोअर'मध्ये एका मुलाचा 'मी' आहे, पण त्याच्या जोडीला मांजरांशी बोलणारे नाकाता आजोबा आहेत आणि त्यांची प्रकरणं 'मी'मध्ये नाहीत. कादंबरी म्हणजे मोठं घर. यजमान कितीही स्वतःत रमलेला असला तरी पाहुण्यांना कुठल्या ना कुठल्या खोलीत जागा मिळतेच. कथा म्हणजे एक खोली. तिथे कुणाला बसवायचं आणि कुणाला दारात उभं ठेवायचं, हे लेखकाला ठरवावं लागतं. या पुस्तकात मुराकामीनं खुर्चीवर 'मी'ला बसवलं आणि बाकी सगळ्यांना दारात ठेवलं.

म्हणून मला वाटतं, मोठा कादंबरीकार कथेत फसतो तेव्हा त्याचं कौशल्य कमी पडलेलं नसतं. कादंबरीच्या पसाऱ्यात लपून राहिलेली सवय कथेत उघडी पडते. आपल्या भागातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. आपण जी. ए. कुलकर्णींच्या मुलखातले. जीएंनी मोठ्या कादंबरीचा सोस न धरता कथाच लिहिली, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत लिहिली, आणि त्यांच्या कथेत पाचच मिनिटं येऊन जाणारं माणूससुद्धा आपलं दुःख बरोबर घेऊन येतं. कथा लहान म्हणून तिच्यातली माणसंही लहान, असा काही नियम नाही.

आता भाषेची गंमत सांगते, कारण माझा खरा अपेक्षाभंग तिथे झाला.

बैठकीसाठी म्हणून मी शेवटच्या कथेची दोन-तीन पानं मराठीत करून बघत होते. शीर्षकापासूनच अडले. 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' म्हणजे प्रथम पुरुष एकवचन. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय: मी, आम्ही, प्रथम पुरुष, तू, तुम्ही, द्वितीय पुरुष. तेव्हा आमच्या मुलींच्या बाकावर एक विनोद ठरलेला असायचा, "बाई, मी मुलगी असले तरी पुरुषच का?" बाई म्हणायच्या, "गप्प बस, तो व्याकरणातला पुरुष आहे." या पुस्तकात मात्र व्याकरणातला पुरुष आणि खरा पुरुष एकच निघाला. इंग्रजीतला 'आय' बाईचा की पुरुषाचा हे वाक्यावरून कळत नाही. जपानीत 'मी'साठी अनेक शब्द आहेत, 'वाताशी', 'बोकु', 'ओरे'. मुराकामीचा 'बोकु' म्हणजे पोरगेला, मवाळ 'मी', अशी त्याची ओळख आहे. मराठीत सुटका नाही. 'मी गेलो' की 'मी गेले', पहिल्याच क्रियापदाला सांगावं लागतं. आठ कथांत 'गेलो, बसलो, ऐकलं, विसरलो.' 'गेले, बसले, विसरले' असं म्हणणारा एकही निवेदक नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. शेवटच्या कथेत निवेदक सूट घालून एका बारमध्ये जातो, पुस्तक वाचत बसतो. शेजारी पन्नाशीची एक बाई येऊन बसते आणि त्याला बोलू लागते. तिला मराठीत 'ती' म्हणायचं की 'त्या'? आणि ती त्याला 'तुम्ही' म्हणेल की 'तू'? आपल्याकडे पन्नाशीच्या अनोळखी बाईला 'ती' म्हणणारा निवेदक आणि 'त्या' म्हणणारा निवेदक ही दोन वेगळी माणसं असतात. मी पानभर 'त्या' लिहिलं, मग सगळं खोडून 'ती' केलं, मग परत 'त्या'. शेवटी लक्षात आलं की मला ठरवता येत नाही, कारण निवेदकाला तिच्याविषयी काय वाटतं ते कथेतच नाही. त्याला फक्त स्वतःविषयी काहीतरी वाटतंय.

ती बाई काय म्हणते? तीन वर्षांपूर्वी पाण्याकाठी तुम्ही माझ्या मैत्रिणीशी जे अघोर वागलात, त्याची लाज वाटू द्या. त्याला काहीच आठवत नाही. तो तिला "मी काय केलं?" असं विचारू शकला असता. विचारत नाही. बिल देऊन बाहेर पडतो. बाहेरचा रस्ता बदललेला असतो: झाडांना साप गुंडाळलेले, जमिनीवर राख, माणसांना चेहरे नाहीत. कथा संपते, पुस्तकही संपतं.

पुष्कळ जणांना हा शेवट फार आवडलाय. त्यांचं म्हणणं, इथे लेखक स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. बायकांविषयी तो असं का लिहितो, हा जो प्रश्न त्याला विचारला जातो त्याचंच हे उत्तर आहे. हा प्रश्न खरंच विचारला गेलाय. मिएको कावाकामी ही जपानी कादंबरीकार त्याची चाहती. तिनं त्याच्या घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतींचं पुस्तक २०१७ मध्ये निघालं. त्यात तिनं त्याला तोंडावर विचारलं होतं की तुमच्या गोष्टींत बायका पुरुषांच्या शोधासाठीच का खर्ची पडतात. चाहत्यानंच विचारावा असा प्रश्न. तेव्हा शेवटच्या कथेतली बाई कुठून आली असेल, असा अंदाज बांधायला जागा आहे.

पण आरोप ऐकू येणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

मी आठ वर्षांची असताना, पहिल्या कम्युनियनच्या आधी, आमचं पहिलं कन्फेशन झालं. सिस्टरनी आठवडाभर तयारी करून घेतली होती. माझी पाळी आली, गुडघे टेकले आणि पाठ केल्यासारखं म्हटलं, "फादर, मी वाईट वागले." पलीकडून आवाज आला, "वाईट म्हणजे काय केलंस बाळ?" मी म्हटलं, "खूप वाईट." फादर म्हणाले, "ते झालं. केलंस काय?" मग रडत रडत सांगितलं की नाताळच्या डब्यातल्या चार नेवऱ्या मी खाल्ल्या आणि नाव धाकट्या भावाचं सांगितलं. फादरनी प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि वर म्हणाले, घरी जाऊन भावाला खरं सांग. प्रार्थना सोप्या होत्या. भावाला सांगणं फार कठीण गेलं.

आमच्या चर्चची जुनी शिकवण अशी की मोठं पाप सांगताना ते कोणत्या प्रकारचं आणि किती वेळा केलं हे सांगायचं. लहानपणी वाटायचं हा काय हिशेब! आता कळतं. 'मी वाईट आहे' असं म्हणायला काही लागत नाही. त्यात एक प्रकारचं सुखही असतं, स्वतःकडे बघत बसण्याचं. 'मी अमुक केलं' असं म्हटलं की समोर दुसरं माणूस उभं राहतं, ज्याला ते केलं. म्हणून साप आणि राख वाचून मी घाबरले नाही. नरकाचं चित्र काढणं सोपं आहे. त्या मैत्रिणीचं काय झालं, एवढं एक वाक्य कठीण आहे, आणि तेच पुस्तकात नाही. पहिल्या कथेत न्यायाची गाडी दिसायच्या आधी वळून गेली. शेवटच्या कथेत न्याय शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, तर हाच उठून गेला.

पुस्तकात चांगलं काही नाहीच, असं म्हटलं तर मीही खोटं नाव सांगितल्यासारखं होईल. दोन कथा मला मनापासून आवडल्या. 'विथ द बीटल्स'मध्ये निवेदकाची पहिली मैत्रीण सायोको आहे. पुस्तकभर ठळकपणे नाव मिळालेली अशी ही जवळजवळ एकटीच. एका रविवारी तो तिच्या घरी जातो तर ती नाही, तिचा मोठा भाऊ आहे. त्याला मधूनमधून स्मृती हरवण्याचा त्रास आहे. भाऊ त्याच्याकडून अकुतागावाची एक कथा मोठ्यानं वाचून घेतो. अठरा वर्षांनी तो भाऊ टोकियोत रस्त्यात भेटतो आणि सांगतो की सायोकोनं आत्महत्या केली. मागे दोन मुलं. भाऊ सांगत असतो आणि निवेदक, एकदाचा, ऐकत असतो. दुसरी 'कन्फेशन्स ऑफ अ शिनागावा मंकी'. डोंगरातल्या मोडक्या सरायीत एक म्हातारं माकड बिअर पीत आपली कबुली देतं: ज्या बायकांवर प्रेम बसलं त्यांची नावं मी चोरली. किती जणींची, कशी, सगळं सांगतं. फादरना हे माकड आवडलं असतं. दोन्ही कथांत 'मी' गप्प बसलाय आणि दुसरं कुणीतरी बोलतंय, हा योगायोग मला वाटत नाही.

आणि अकुतागावाचं नाव मुराकामीनंच काढलंय, तर त्याच्याविषयी बोलू. रिउनोसुके अकुतागावा, १८९२ ते १९२७, जपानी कथेतलं मोठं नाव. त्याची 'इन अ ग्रोव्ह' ही १९२२ ची कथा. कुरोसावाच्या 'राशोमोन' सिनेमाचा गाभा तिच्यातूनच आला. जंगलात एक माणूस मेलाय, आणि सात जण आपापली जबानी देतात. तीही प्रथम पुरुष एकवचनीच, पण सात वेळा. दरोडेखोराचा 'मी' आहे. मेलेल्या नवऱ्याचासुद्धा 'मी' आहे, मांत्रिक बाईच्या तोंडून. आणि त्या बायकोचा 'मी' आहे: ती देवळात येऊन आपली कबुली देते. कोण खरं बोलतंय ते शेवटपर्यंत कळत नाही. धागे सुटेच राहतात, मुराकामीपेक्षा जास्त सुटे. तरी वाचताना फसवल्यासारखं वाटत नाही, कारण प्रत्येक 'मी'ला शेजारचा 'मी' आव्हान देतो. कन्फेशनमध्ये ज्याला दुखावलं तो माणूस हजर नसतो. कथेत त्याला हजर करता येतं, बोलतं करता येतं. हे साहित्याला जमतं, आणि एवढ्यासाठी तरी साहित्य शिकावं असं मला वाटतं. अकुतागावाला ते थोड्याच पानांत जमलं.

मुराकामीलाही येत नाही असं नाही. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्याचंच गाव. त्यानंतर त्यानं सहा कथा लिहिल्या, 'आफ्टर द क्वेक' या नावानं त्या इंग्रजीत आहेत. सहांतल्या एकाही कथेचा निवेदक 'मी' नाही. बँकेची थकीत कर्जं वसूल करणारा एक साधा कारकून आहे, कातागिरी नावाचा, त्याच्या घरी माणसाएवढा बेडूक येऊन बसतो आणि टोकियो वाचवायला मदत मागतो. इतकी अचाट गोष्ट, पण कातागिरीची ती दमलेली, कुणी कधी शाबासकी न दिलेली नोकरी मला आजही आठवते. स्वतःच्या गावावर संकट आलं तेव्हा त्यानं 'मी' बाजूला ठेवला आणि इतरांकडे बघितलं. म्हणून नवा संग्रह जास्त लागला. जमत नसलेल्याकडून अपेक्षा नसते.

इथे लेख संपवता आला असता. पण फादरचा प्रश्न मला कुणी विचारला तर?

गेल्या वर्षीच्या आपल्या अंकात माझी एक कथा आली होती. काहींना आवडली होती. कॅन्टीनमध्ये बसलेली 'मी', बाहेर पाऊस, समोर खिडकीबाहेर बघत बसणारी एक मुलगी, कानात हेडफोन. मग ती मुलगी कॉलेजला यायची बंद होते. 'मी'ला तिचा चेहरा हळूहळू आठवेनासा होतो. संपलं. तिला मी नाव दिलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यानं कथेला गूढपणा येतो.

ती मुलगी खरी आहे. आमच्याच वर्गात होती. वडील आजारी पडले, घरच्या दुकानात बसायला कुणी नव्हतं, तिनं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. अंक तिनंही वाचला होता. परवा बाजारात भेटली. म्हणाली, "छान लिहिलंयस गं. पण मी खिडकीबाहेर कधी बघत बसायचे? मला वेळ कुठे होता? मी दुकानाचा हिशेब लावायचे वहीत." हसत होती. मग जरा थांबून म्हणाली, "आणि कॉलेज का सोडलं ते तू मला विचारलंच नाहीस. दुकान काय लांब आहे?"

दुकान लांब नाही. कॉलेजपासून रिक्षाही लागत नाही.

तर मी काय केलं? मैत्रिणीचं नाव चोरलं. तिच्या हातातली वही काढून घेतली आणि तिथे पाऊस ठेवला. मी तिला एकदाही भेटायला गेले नाही, आणि ही गोष्ट लपवायला 'चेहरा आठवेनासा झाला' असं सुंदर वाक्य लिहिलं. हे मी मुराकामीकडून शिकले, असं म्हटलं तर पुन्हा भावाचं नाव सांगितल्यासारखं होईल. त्याच्याकडून फक्त पद्धत घेतली. न विचारण्याचा आळस माझाच. तो न्याय मुराकामीलाही लावते: त्याचं पुस्तक मला एवढं का बोचलं, याचं निम्मं उत्तर त्या पानांत आहे आणि निम्मं माझ्या जुन्या कथेत.

आपल्या अंकातल्या मित्रमैत्रिणींना मला एवढंच सांगायचंय. आपण सगळे 'मी'नंच लिहितो. वय तसं आहे, आणि 'मी'नं लिहिणं हा गुन्हा नाही. हा लेखही 'मी'चाच आहे. पण लिहून झालं की एकदा बघावं, या खोलीत दुसरं कुणी बसलंय का. बसलं असेल तर त्याला बोलू दिलंय का. आणि आपण जे केलं ते साध्या क्रियापदात सांगितलंय का, की नुसताच पाऊस पाडलाय.

'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' वाचू नका असं मी म्हणणार नाही. माझी प्रत मंडळाच्या कपाटात ठेवलीय. सुरुवात करायची तर माकडाच्या आणि सायोकोच्या कथेपासून करा. शेजारीच 'आफ्टर द क्वेक' आहे, ते आधी वाचलंत तर उत्तम. मुराकामीवर माझा राग नाही. पुढची कादंबरी आली की पहिल्या रांगेत मीच असेन.

त्या जुन्या कथेचं काय करायचं ते मैत्रिणीला विचारलं. म्हणाली, दुकानात ये, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, सांगते. दोन दुपारी जाऊन आलेय. तिनं आपल्यासाठी कथेतलं नावही निवडलंय. पुढच्या अंकापर्यंत लिहून होईल का, माहीत नाही. तिचं सांगून अजून संपलेलं नाही.